लापी मोकळा धावतो का, या प्रश्नाचं उत्तर

लार्च क्रॉसिंग, ब्रिटिश कोलंबिया
सोमवार, १९ एप्रिल

प्रिय थोराताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर वाकते तितकाच वाकलो आहे, उरलेला मनात समजून घे.) तुझा नवा खुबा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो का? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला ठाऊक आहे, पण विचारायची पद्धत असते म्हणून विचारतो. तुमच्याकडे गिम्लीला तळ्यावरचा बर्फ फुटला का? इकडे मी बरा आहे. रक्तदाब वरचा एकशे पन्नास, खालचा विचारला नाही. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर मोकळ्या हवेत मन शांत ठेवून चालत जा. मोकळ्या हवेचं जमलं आहे.

तुझं कार्ड मंगळवारी पोचलं. पुढून पेलिकन पक्षी आणि मागे तीन ओळी: ‘लापी मोकळा धावतो का? हो की नाही, एकच शब्द लिही. पहिल्या मेच्या बसने येते आहे.’ माझ्या तब्येतीची चौकशी कुठेच नव्हती, पेलिकनच्या खाली जागा असूनही. असो. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. आता त्या ‘हो’बद्दल थोडं.

तू ऑक्टोबरात दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात गेलीस, जिथे कुत्र्यांना मज्जाव आहे, आणि लापीला माझ्याकडे सोडताना दारातच अट घातलीस. म्हणालीस, हा मेंढरांमागे धावणाऱ्या जातीचा आहे, बांधून ठेवलास तर झुरेल. सहा महिन्यांनी येईन, तोवर मोकळा धावत नसला तर ब्यार्नीच्या शेतावर देऊन टाकीन. ब्यार्नी आपला मामेभाऊ, माणूस भला, शेत ऐसपैस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त ते शेत माझ्या दारापासून गाडीने दोन दिवसांवर आहे. म्हणजे लापीला ठेवायचं तर त्याला सोडायला हवं, आणि सोडला तर तो राहीलच याची हमी कुणी देत नाही. हा पेच मी ऑक्टोबरापासून रोज सकाळी बूट घालताना सोडवत बसतो.

तुला वाटेल, एनार नेहमीप्रमाणे बाऊ करतो आहे. पण मी चौतीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी केली, ते डोळे निवृत्त होताना परत घेत नाहीत. आमच्याकडे जुना रेल्वेमार्ग उखडून तिथे फिरायची वाट केली आहे. लोक तिथे तळं आणि डोंगर बघायला येतात. मला तिथे सायकली दिसतात, घोडे दिसतात, बाबागाड्या दिसतात, पुलावर मासे धरणाऱ्यांचे गळ दिसतात, आणि शेवटी तो बोगदा दिसतो, ज्याच्या पलीकडच्या तोंडाशी ओंडके वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या तीन अपघातांचे अहवाल मी स्वतः लिहिले आहेत. लापीला यातलं काही दिसत नाही. तो चालताना आभाळात गरुड शोधतो. पायाखाली बघायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं आहे.

सुरुवात मी पंधरा मीटरच्या दोरीने केली. पुस्तकात तसं लिहिलं होतं: आधी लांब दोरी, कुत्र्याला वाटावं आपण मोकळे आहोत. लापीला तसं वाटलं. तो एका गरुडाच्या मागे मागे ओकाडांच्या बाकाभोवती अडीच प्रदक्षिणा घालून आला. ओकाडा आमचे जुने औषधवाले, वय अठ्ठ्याऐंशी. ते रोज दहा ते अकरा त्या बाकावर बसतात, आणि त्या दिवशीही बसले होते. दोरी त्यांच्या पोटावरून दोनदा आणि काठीवरून एकदा गेली. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, “एनार, मला घरी जायचं झालं तर अर्ज कुणाकडे करायचा?” मी सोडवायला लागलो, तोवर लापी उलट दिशेने निघाला. ओकाडा दुपारच्या जेवणाला वीस मिनिटं उशिरा पोचले.

मग मी मार्नी टेव्स या बाईंच्या वर्गात नाव घातलं. (बाई म्हणतो, पण तिशीतली पोर आहे, आणि बिंगो हॉलमागच्या मैदानात आम्हा म्हाताऱ्यांना रांगेत उभं करते.) तिचं म्हणणं असं की कुत्र्याला हाक मारायची ती आनंदाने. रागाने मारली तर तो लांबच राहतो, घाबरून मारली तर त्यालाही घाबरण्यासारखं काहीतरी दिसायला लागतं. मी हाक मारली. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मिस्टर हाल्दोर्सन, आवाजात जरा गंमत आणा ना. अपघाताचा अहवाल ऐकायला कुत्रं कशाला येईल?” मी घरी सराव केला. स्वयंपाकघरात उभा राहून दोन संध्याकाळी आनंदाने ओरडलो. तिसऱ्या संध्याकाळी शेजारची इरीना केक घेऊन आली आणि विचारायला लागली, कुणाचं काय ठरलं? मी काही ठरलं नाही म्हणालो. तिने केक परत नेला नाही, पण तसा विचार केलेला दिसला.

इथे एक जुनं गाऱ्हाणं मांडून ठेवतो. तू लापीची वाटी दिलीस, कांबळं दिलंस, लशींचा कागद दिलास, कानात घालायचे थेंब दिलेस. पण त्याला हाक कशी मारायची हे सांगितलं नाहीस. मी तुला तीन कार्डं पाठवून विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘आपल्या नेहमीच्या हाकेने.’ नेहमीची म्हणजे कुणाची नेहमीची? ‘लापी’ म्हटलं की तो शेपटी हलवतो आणि जिथे आहे तिथेच उभा राहतो, लग्नाच्या फोटोत उभे राहतात तसा.

मार्चमध्ये वाट सांभाळणाऱ्या मंडळाची परीक्षा झाली. पहिल्या हाकेला येणाऱ्या कुत्र्याला ते गळ्यात घालायला हिरवा बिल्ला देतात. बिल्लेवाल्याने वाटेवर मोकळं फिरावं, बाकीच्यांनी दोरीत. परीक्षक मैदानाच्या टोकाला सॉसेज घेऊन उभे होते, लापी मधोमध, मी या टोकाला. मी हाक मारली आणि तो सॉसेजकडे ढुंकूनही न बघता थेट माझ्याकडे आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (धो धो पाऊस होता आणि माझ्या मागे गाडीचं दार उघडं होतं, हे मंडळाला सांगायची गरज मला वाटली नाही. तुला सांगतो, कारण तू कधीतरी ओळखशीलच.) बिल्ला मिळाला, आणि पुढचा महिनाभर मी हिरव्या बिल्ल्याचा कुत्रा दोरीला बांधून फिरवला. पुलावर गॉर्ड पेलेटिये गळ टाकून बसलेला असतो, तो रोज विचारायचा, “काय हो एनार, बिल्ला त्याचा आहे की तुमचा?”

खरी भीती सायकलींची होती, म्हणून मी आधी त्यांचा बंदोबस्त केला. आमच्याकडे सायकलवाला मागून येताना घंटी वाजवतो आणि चालणाऱ्याने बाजूला व्हायचं असतं. मी ओकाडांच्या शेजारी तीन आठवडे बसून राहिलो. घंटी वाजली की लापीला चीजचा तुकडा, पण माझ्या डाव्या गुडघ्याशी येऊन बसला तरच. पहिल्या आठवड्यात तो चीजकडे बघायचा, दुसऱ्यात माझ्याकडे, तिसऱ्यात लांबवर नुसती किणकिण झाली की गरुडबिरुड सोडून धावत यायचा आणि गुडघ्याशी बैठक मारायचा. माझ्या मनात आलं, आपल्याला आनंदाने ओरडता येत नाही ना, मग कशाला ओरडायचं? मी सायकलच्या दुकानातून एक घंटी आणून कमरपट्ट्याला लावली. मी वाजवली की लापी हजर. वाटेवरचे लोक मला बाजूला होऊन जागा द्यायला लागले आणि मी सायकलवर नाही हे बघून चिडायला लागले, पण तेवढं सोसण्यासारखं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एखादा धोका मी आधीच मोडून काढला, असं मला वाटलं. ताई, ते वाटणं मी लिहून ठेवायला हवं होतं, कारण ते आठ दिवस टिकलं.

गेल्या मंगळवारी, तुझं कार्ड खिशात घेऊन, मी ओकाडांच्या बाकाशी दोरी सोडली. त्याआधी कडी दोनदा उघडून पुन्हा लावली. ओकाडा म्हणाले, “आधी तू श्वास सोड, मग त्याला सोड.” लापी दहा पावलं गेला, थांबला, दोरी येत नाही हे त्याला कळलं आणि मग तो धावला. ताई, मला कुणी सांगितलं नव्हतं की तो असा धावतो. कान मागे, शेपटी सरळ, आणि जमिनीला चारातले दोनच पाय लागत होते. वळणापर्यंत जायचा, मी घंटी वाजवायचो, परत यायचा, बसायचा, चीज, पुन्हा धावायचा. सात मिनिटं हे चाललं. त्या सात मिनिटांत मी एकदाही ट्रकांचा विचार केला नाही, आणि हे माझ्याबाबतीत नवीन आहे.

आठव्या मिनिटाला अस्वलघंटा आली. एप्रिलमध्ये अस्वलं झोपेतून उठतात, तेव्हा बाहेरगावचे लोक पाठीवरच्या पिशवीला घुंगरासारखी घंटा बांधून फिरतात. आवाजाने अस्वल आधीच लांब जातं अशी समजूत आहे. इथलं कुणी बांधत नाही, गॉर्ड म्हणतो जेवणाची घंटा आहे ती. तर एक निळ्या टोपीची बाई बाजूच्या पायवाटेवरून वाटेला लागली आणि तिची घंटा पावलागणिक वाजत होती. थांबतच नव्हती. लापीच्या बाजूने विचार कर. आयुष्यात शिकलेली एकच पक्की गोष्ट, घंटी म्हणजे चीज, आणि इथे एक बाई आहे जिच्याकडची घंटी संपतच नाही. तो तिच्या डाव्या गुडघ्याशी जाऊन बसला. ती चालत राहिली. तो उठला, पुढे गेला, पुन्हा बसला.

मी माझी घंटी वाजवली. जोरात वाजवली, सारखी वाजवली. त्याने एकदा माझ्याकडे वळून बघितलं, पण तिची जवळ होती. मी ‘लापी’ म्हणून हाक मारली आणि त्याने शेपटी हलवली. मी आनंदाने हाक मारली. ती ऐकून बाबागाडीतलं एक पोर रडायला लागलं. तोवर ती दोघं वळणाआड गेली. वळणानंतर पूल, पुलानंतर बोगदा, आणि बोगद्यानंतर काय आहे हे मी वर लिहिलं आहे.

मी धावलो. माझा गुडघा तुला माहीत आहे, तेव्हा धावलो म्हणजे काय ते समजून घे. कमरेची घंटी प्रत्येक पावलाला वाजत होती आणि माणसं शिस्तीने बाजूला होत होती. पुलावर गॉर्डने गळावरून नजर काढली नाही. “कुत्रा ना? गेला की आत्ताच. बाईमाणसाबरोबर होता. छान जोडीनं चालले होते, मला वाटलं तिचाच.” मी विचारलं, बोगद्याकडे? तेव्हा त्याने वर बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि गळ तसाच पाण्यात टाकून उठला. म्हणाला, “तुम्ही पळा पुढे, मी येतोच.” गॉर्ड थट्टा सोडून उठला, तेव्हा मी खरा घाबरलो.

बोगद्यात दिवसाही अंधार असतो. आत शिरलो तर पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात दोन आकृत्या, एक उभी, एक आडवी. तिची घंटा भिंतींवर आपटून दहा घंटांसारखी वाजत होती. मग ट्रकचा भोंगा झाला. वळणावर देतात तो. म्हणजे अर्ध्या मिनिटाचं अंतर. माझ्या घंटीचा उपयोग नव्हता, तिथे नुसत्या घंट्याच घंट्या होत्या. नाव घेऊन उपयोग नव्हता. मार्नीने शिकवलेलं सगळं डोक्यातून गेलं आणि माझ्या तोंडून काय निघालं हे मला निघाल्यावर कळलं.

बाबांची हाक निघाली. वसंतात तळ्याचा बर्फ तडकायला लागला की बाबा काठावर उभे राहून आपल्याला आत बोलवायचे ती. खालच्या सुरात सुरू होऊन वर जाणारी आणि शेवटी तुटणारी, ‘होऽऽ-उप’. त्यात कुणाचं नाव नसायचं. आपण चौघं आणि दोन कुत्री, नावं घेत बसायला वेळ नसायचा. ऐकली की हातातलं टाकून काठाकडे निघायचं, मागे बघायचं नाही, एवढंच आपल्याला माहीत होतं. ताई, अठ्ठावन्न वर्षांत मी ती हाक मारली नव्हती. ती माझ्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. त्यात आनंद अजिबात नव्हता, घाबरलेलीच हाक होती ती, बाबांचीही तशीच असायची.

उजेडातली आडवी आकृती जागच्या जागी वळली. मग दिसेनाशी झाली, कारण ती अंधारातून माझ्याकडे येत होती. मला फक्त नखांचा आवाज ऐकू येत होता. पलीकडून ट्रक गेला तेव्हा लापी माझ्या डाव्या गुडघ्यावर येऊन आदळला होता आणि मी रुळांच्या जुन्या खडीवर बसलो होतो. त्याने माझे कान चाटले. चीज संपलेलं होतं, त्याने मागितलंही नाही. मागून गॉर्ड धापा टाकत आला आणि माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, “हाक भारी आहे हो. मीच येऊन बसलो बघा.”

निळ्या टोपीची बाई परत आली. ती टोरांटोची दातांची डॉक्टर निघाली, फार सभ्य. म्हणाली, “मला वाटलं इथे पाहुण्यांना बोगद्यापलीकडे पोचवायला कुत्रा ठेवलेला असतो. अकरा वेळा माझ्यासमोर बसला, मी अकरा वेळा थँक्यू म्हणाले.” मी तिला रागावणार होतो, पण जे शिकवलं होतं ते मीच शिकवलं होतं.

घरी येऊन मी तुझी तिन्ही कार्डं काढून पुन्हा वाचली. ‘आपल्या नेहमीच्या हाकेने.’ तू सहा वर्षं त्याला बाबांच्या हाकेने बोलवत होतीस ना? आणि तुला वाटलं, एनारला हे काय सांगायचं? तो तर त्याच काठावर वाढला. ताई, मी विचारणारा गाढव आणि तू न सांगणारी, आपण दोघंही त्यांचीच मुलं आहोत. मी त्या रात्री जेवलो नाही. लापी माझंही जेवला.

असं ते ‘हो’ आहे. खुब्याला जप, जिन्यात कठडा धर, आणि बसमध्ये उजव्या बाजूला बस, डाव्या बाजूला दरी येते.

तुझा धाकटा,
एनार

ता. क. वर ‘हो’ लिहिलं आहे त्यात किरकोळ दुरुस्ती. मंगळवारनंतर पाच दिवस मी त्याला पुन्हा दोरीत ठेवला होता, अंगणातसुद्धा. मला ट्रकचा भोंगा ऐकू यायचा. आज सकाळी बाक ते पूल एवढाच पुन्हा सोडला. चार हाका मारल्या. तीनदा लगेच आला, चौथ्या वेळी आभाळात गरुड होता, तो गेल्यावर आला. म्हणून ‘हो’ ठेवलं आहे, खोडलं नाही.

ता. क. दुसरा. कमरेची घंटी मी ओकाडांना देऊन टाकली. त्यांनी ती काठीला बांधली आहे आणि आता दहा ते अकरा लापी त्यांच्या डाव्या गुडघ्याशी बसतो. त्यांच्या खिशात चीज कुठून येतं हे मी विचारत नाही. येताना आपल्याकडचा आलुबुखाराचा थरांचा केक आण, इरीनाला काहीतरी द्यायला हवं.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. बस जुन्या स्टेशनासमोर थांबते आणि स्टेशनामागूनच वाट सुरू होते. मी लापीला घेऊन बाकाशी उभा असेन. तू स्टेशनाच्या कोपऱ्याला आलीस की मी दोरी सोडीन. तो तुझ्याकडे धावत येईल, ते मी धरूनच चाललो आहे, त्याला पाहिजे तेवढं कुरवाळ. पण ताई, ती हाक तू मारू नकोस. तुझी सहा वर्षांची आहे आणि माझी सहा दिवसांची, दोन्ही एकदम ऐकल्या तर तो काय करील हे मला बघायचं नाही. तू गप्प उभी राहा, मी मारीन. तो तुला सोडून परत आला, तर ब्यार्नीला कळव की कुत्रा मिळणार नाही. नाही आला, तर एक सांगून ठेवतो. त्याचं सामान मी बांधलेलं नाही. वाटी, कांबळं आणि थेंब बांधायला मला निदान आठवडा लागेल, तेवढी तू राहा.